बायजाबाईची राखुंडी

शेलार गावातल्या आमच्या आळीत सकाळ व्हायची ती सीताबाईच्या तव्यानं. उजाडायच्या बेताला ती मागच्या चुलीवर कडा झिजलेला जुना तवा ठेवायची, त्यावर तंबाखूचा पाला पसरायची आणि काळाठिक्कर होईस्तोवर भाजायची. तो वास आळीभर फिरायचा. घशात बसायचा, डोळ्याला झोंबायचा, नव्या सुनांना ठसका लावायचा आणि जुन्या बायकांना अंथरुणातून उठवायचा. भाजलेला पाला तळहातावर चुरला की झाली मशेरी. मग बायका आपापल्या डब्या घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. सीताबाईच्या हातची मशेरी कडू लागत नाही, असं आळीचं म्हणणं.

मशेरी म्हणजे तंबाखूच. पण तसं आमच्या बायकांसमोर बोलून बघा. "तंबाखू बाप्ये खातात. आमी दात घासतो," असं तोंडावर ऐकाल. हे दात घासणं चांगलं घटकाभर चालतं. बोटानं हिरड्यांना लावायची, गालात धरायची, पिंक टाकायची, पुन्हा लावायची. तोवर कुणाची सून रुसली, कुणाच्या गोडाऊनला नवा भाडेकरू आला, कुणाच्या पोराची शिफ्ट सुटली, सगळं बोलून होतं.

त्या ओट्यावर पहिला मान बायजाबाईचा. ती सीताबाईची थोरली जाऊ. दोघींची घरं एका भिंतीची, ओटा एकच, मागची मोरीही एकच. सीताबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरी लग्न होऊन दूर गेल्या, त्यामुळे तिच्या घरात ती आणि तिचा तवा. बायजाबाईकडे नवरा विठू, लेक आणि मृणाली नावाची नवी सून. विठू पूर्वी जिथं भात लावायचा तिथंच उभ्या राहिलेल्या गोडाऊनच्या गेटावर आता खुर्ची टाकून बसतो.

आणि बायजाबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीपासून मांडव उतरेपर्यंत दर विधीला धवले गायला बाई लागते, ती धवलारीण. बामण उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आली तर पोरीची आय रडायला लागते. बायजाबाईचा आवाज गोड वगैरे काही नाही. जाडाभरडा, जात्याच्या घरघरीसारखा. पण समोर डीजेची भिंत लावलेली असली तरी नवरीला तो ऐकू जायचा. ती ओळ उचलायची आणि सीताबाई शेजारी बसून ती पुढं न्यायची. एकीचा दम संपायच्या आत दुसरीचा सुरू. त्या दोघींना तोडून कुणी कधी बोलावलंच नाही.

तर एका हळदीला बायजाबाई जेवायला बसली आणि मटणाच्या पहिल्याच घासाला तिनं डावा गाल धरला.

"आचाऱ्यानं मिरची ओतलीन का विस्तव?"

शेजारच्या बायका निवांत रस्सा ओरपत होत्या. "बाय, तुझी जीभ म्हातारी झाली," सीताबाई बोलली. सगळ्या हसल्या, बायजाबाईही हसली. पण दुसऱ्या दिवशी घरचा वरण-भातही त्या गालाला झोंबला. तिनं कुणाला सांगितलं नाही. घास उजवीकडे सरकवून जेवायला शिकली.

गावची आशा सेविका हेमाली बीपी बघायला घरी आली, तेव्हा बायजाबाई चहा एका बाजूनं पीत होती.

"मावशी, तोंड उघडा."

"तू दाताची डॉक्टरीन कवा झालीस गो?"

"उघडा तर."

आत बघून हेमाली हसली नाही. त्याच आठवड्यात ती बायजाबाईला टेमघरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. बरोबर विठूही होता. तिथल्या दाताच्या डॉक्टर विनिताबाईंनी बत्ती धरून गाल बाहेर ओढला. आत भिजल्या कागदाचा तुकडा चिकटल्यासारखा पांढरा चट्टा होता.

"मशेरी कुठल्या गालात धरता?"

"ह्या."

"चट्टाही ह्याच गालात आहे."

मग त्यांनी नीट समजावलं. हा कॅन्सर नाही, पण कॅन्सर ज्या वाटेनं येतो ती ही वाट. मशेरी पूर्ण बंद झाली तर चट्टा बहुतेकदा हळूहळू विरत जातो. चालू ठेवली तर काही सांगता येत नाही. पुढं मग गाल कापावा लागतो, कधीकधी जबड्याचं हाड. बीपीही चढलेला होता. मीठ कमी, सुकी मासळी कमी, पालेभाजी रोज, आणि सकाळी चालणं.

बायजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाल कापला तं गाता येल का?"

"तोंडच नीट उघडणार नाही, मावशी."

त्या संध्याकाळी बायजाबाई कामवारी नदीच्या काठावर गेली आणि पितळेची डबी पाण्यात फेकून आली. ती डबी तिच्या सासूची होती.

सोडणं म्हणजे काय असतं ते तिच्या घरच्यांना विचारावं. तिचं डोकं ठणकायचं. पोट साफ होईना. हाताला काही सुचेना, सकाळी बोट आपसूक तोंडात जायचं आणि रिकामं बाहेर यायचं. मृणालीच्या चपात्या जाड, लेकाचे बूट वाटेत, विठूचं घोरणं, सगळ्यावर ती पेटून उठायची. एकदा तिनं विठूला पळी फेकून मारली, ती टीव्हीला लागली. विठू जेवायला सीताबाईकडे जाऊ लागला.

"आमच्या घरात दोन चुली पेटल्यात," तो गेटावर ड्रायव्हरांना सांगायचा. "एक गॅसची, एक बायकोची."

ओट्यावर आता सीताबाई एकटीच बसायची. बाकीच्या बायका डबी भरून घेऊन निघून जायच्या, कारण गप्पांचा मेळ बायजाबाईशिवाय जमायचा नाही. आणि बायजाबाई त्या वासाला भिऊन दार लावून आत बसायची. असे काही दिवस गेल्यावर सीताबाईनं दार वाजवलं.

"बाय, मशेरी सोरलीस, बरी केलीस. पन दात तं घासशील? त्या पोरीच्या पेस्टनं तू ओकतेस. मी तुना तुसाची राखुंडी करून देते. आजेसासू लावायची तशी."

भाताचं तूस जाळून केलेली काळी राखुंडी, त्यात मीठ, लवंग आणि कापूर. सीताबाईनं स्वतः तूस आणलं, जाळलं, कुटलं, फडक्यातून चाळलं आणि डबी भरून मोरीच्या कोनाड्यात ठेवली. बायजाबाईचे डोळे भरून आले. "जाऊ न्हाय, पाठची बहीन हाय माझी," असं ती सुनेला बोलली.

आणि बघता बघता ती निवळली.

पहिल्या डबीत फरक कळला नाही. दुसऱ्या डबीपासून डोकं हलकं होऊ लागलं, पोट मार्गी लागलं. सकाळी उठायचं, राखुंडी लावायची, आणि तोंड धुऊन कामवारीच्या काठाकाठानं चालत सुटायचं. परत येताना ती गुणगुणत यायची. डॉक्टरणीनं सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं झालं, असं तिला वाटलं. चालल्यानं माणूस असं सुखावतं हे आधी कुणी का नाही सांगितलं, असं ती भेटेल त्याला विचारायची. घरातून जवळा गेला, खारे बोंबील गेले. तांदळाच्या भाकरीबरोबर रोज एक पाला शिजू लागला.

"आता दावनीला बांध मना, येवढंच राह्यलंय," विठू ताटाकडे बघून बोलायचा. पण बोलता बोलता जेवायचा, आता आपल्याच घरी.

हेमालीनं तिला समाजमंदिरात बायकांपुढं उभी केली. बायजाबाईला माणसांपुढं आवाज काढायची भीती ठाऊक नव्हती.

"मशेरी सोरायला तालीम लागत न्हाय," ती बोलली. "पयले थोरे दिस घरच्यांच्या शिव्या खावा, आनि थोऱ्या द्यावा. मंग चालाया लागा. मना बघा. आता आठवन पन येत न्हाय. त्या वासानं मलमलतं."

बायका हसल्या. तीन-चारजणींनी तिथंच डब्या हेमालीच्या हातात दिल्या. त्यात नवशाची बायको होती, जी मशेरीशिवाय बाळंतपणालाही गेली नव्हती. सीताबाई मागच्या भिंतीला टेकून बसली होती. पदर तोंडावर धरून तीही हसत होती.

मग पुन्हा दवाखान्यात जायची वेळ आली. बायजाबाई त्या दिवशी नवी साडी नेसली. विठू बरोबर, हेमाली बरोबर. विनिताबाईंनी बत्ती धरली. गाल ओढला. बराच वेळ बघितलं. मग मागं सरकल्या.

"मावशी, अजून लावता ना?"

"न्हाय बाय. सोरली कवाच."

"थोडीशी? सकाळी एकदा?"

"नखायेवढी पन न्हाय. गावदेवीची आन."

विनिताबाईंनी हातमोजे काढले. "शपथा मी रोज ऐकते. चट्टा वाढलाय, कडा खडबडीत झाल्यात. बंद करूनही एखाद्याचा वाढतो, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या तोंडाला वास येतोय. मी तुमच्यावर रागावून काय मिळवणार? गाल तुमचा आहे."

बायजाबाईनं हेमालीकडे पाहिलं. हेमाली मोबाईल बघत होती. तिनं विठूकडे पाहिलं. विठू वर पंख्याकडे बघत होता, जणू तो आताच पडणार आहे.

"ओ, तुमी सांगा ना," ती नवऱ्याला बोलली. "तुमी घरात असता. सांगा ह्यांना."

"डॉक्टर बोलतात ते बरोबरच असंल," विठू बोलला.

त्या दिवशी चट्ट्याचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. बधिर केलेला गाल घेऊन ती रिक्षानं घरी आली. हेमालीनं गावात कुणाला काही सांगितलं नसेल, पण दवाखान्यातल्या बाकावर आमच्या गावची दोन माणसं नेहमीच असतात. दुसऱ्या दिवसापासून मोरीवर, नळावर, दुकानात एकच. "सभेत भाषान आनि मोरीत मशेरी." नवशाची बायको तर दारात येऊन बोलून गेली, "बायजे, तू लपून लावतेस तं मी उघरी लावते. पाप तरी कमी." आणि तिनं पुन्हा सुरू केली.

जी बाई उभ्या जन्मात वाण्याशीही खोटं बोलली नाही, तिच्याकडे घरातली सून पण सांभाळून बघायला लागली. बायजाबाईला वाटलं, आपलंच अंग आपल्यावर उलटलंय. सोडूनही वास येतो म्हणजे काय? इतकी वर्षं लावलेली हाडात मुरली असेल का? ती राखुंडी आणखी घासून लावू लागली. दोनदा, तीनदा. वास जावा म्हणून.

मग एका सकाळी मृणालीची पेस्ट संपली.

दुकान उघडायला वेळ होता. तिनं मोरीच्या कोनाड्यातली राखुंडीची डबी घेतली, चिमूटभर बोटावर घेऊन दात घासले. चूळ भरून होते न होते तो तिला उचकी लागली. मग घाम सुटला, तोंड पांढरंफटक पडलं आणि ती मोरीच्या कठड्याला धरून ओकत खाली बसली. आळी धावली. सुनेचं सकाळचं ओकणं बघून बायकांना जे वाटायचं तेच वाटलं.

"बायजे, आजी व्हनार तू. पेढे काढ."

"बिनमिठाचे काढ गो, तुना बीपी हाय," दुसरी बोलली.

"मला काही नाहीये," मृणाली रडकुंडीला आली होती. "त्या काळ्या पावडरीनं झालं. डोकं गरगरतंय, अख्खी मोरी फिरतेय."

बायका हसत होत्या. बायजाबाई हसली नाही. तिला तिचं पहिलं वर्ष आठवलं. ती नवी नवरी होती, सासूनं ह्याच मोरीवर तिच्या बोटाला काळी पूड लावून दिली होती, "घास, दाढ दुखनार न्हाय." तेव्हा अशीच उचकी लागली होती. असाच गार घाम. अशीच मोरी फिरली होती. राखेनं कुणाला चक्कर येत नाही.

तिनं डबी उचलली. मागच्या चुलीत पाण्याखाली विस्तव होता. त्यावर तिनं चिमूटभर टाकली. आधी कापराचा वास आला. मग लवंगेचा. आणि मग त्या दोन्हींच्या खालून, सावकाश, घशात बसणारा, डोळ्याला झोंबणारा तो वास आला. तो आळीत कुणालाही ओळखू आला असता.

काळ्यात काळं मिसळलं होतं. दिसणार कसं?

सीताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. बायजाबाईनं डबी तिच्या सुपात ठेवली. सीताबाईनं डबीकडे पाहिलं, मग जावेकडे. नाकारलं नाही. आमच्याकडची माणसं चोरी पकडली की नाकारत बसत नाहीत, भांडायला लागतात.

"मंग काय करू?" सीताबाई बोलली. "तू मानसात व्हतीस का तवा? भावजींवर पली फेकलीस. पोरगी रोज रडायची. घर हाय का तुरुंग, कललं नसतं कुनाला. चिमूटभर टाकली. चिमटीनं कोन मरतंय?"

"चट्टा वाढला माझा."

"चट्टा का राखुंडीनं वाढला? आपल्या सासवेनं मरेपर्यंत लावली."

"सासू कशानं गेली गो, सीते? शेवटाला पेज पन गिलता येत नव्हती तिला. इसरलीस?"

सीताबाई तांदळातला खडा शोधत राहिली.

"थोरी-थोरी करून सोरवनार व्हते," ती हळू बोलली. "मंग तू बरी झालीस. हसाया लागलीस. ओट्यावर येऊन बसाया लागलीस. मंग कशी काढून घेऊ? तू दार लावून बसलीस तवा माझ्याशी बोलाया कोन व्हतं? भिंत?"

"म्हनून माझा गाल घेतलास."

आता सीताबाईनं मान वर केली. तिचेही डोळे पेटले होते.

"आनि तुना कललं न्हाय? इतकी वरसं लावलीस, आंधल्या अंधारात हाताला लागली तरी वलखशील, आनि तुझ्या जिभेला कललं न्हाय? सभेत उभी राहून सांगत व्हतीस, आठवन पन येत न्हाय म्हनून. मी तिथं बसून हसू का रडू?"

बायजाबाईनं सुपातली डबी उचलली. नदीकाठानं चालून आल्यावरचं ते हलकं डोकं, ते गुणगुणणं, चालण्याचं किती आणि चिमटीचं किती, ते ती आता कुणाला विचारणार होती?

ती आत जायला वळली तेव्हा सीताबाईनं दुसरा घाव घातला. मुद्दाम घातला की एकटीला ओझं झेपेना म्हणून, देव जाणे.

"मना येकटीला बोलू नको. भावजींना इचार."

विठू दुपारी जेवायला आला. बायजाबाईनं ताट वाढलं, पालेभाजी वाढली, भाकरी वाढली. तो दुसरा घास घेत असताना विचारलं.

"राखुंडीचं तुमाला ठावं व्हतं?"

विठूचा हात थांबला. मग त्यानं घास तोंडात घातला, कारण घास तोंडात असला की लगेच बोलावं लागत नाही.

"तूच इचार कर," तो शेवटी बोलला. "घरात ऱ्हायाची सोय नव्हती. मी सीतेला बोललू, दे गो तिना जरा, नायतं ही आमाला खाईल. थोऱ्या दिसांसाठी बोललू व्हतो."

"आनि दवाखान्यात?"

"तिथं काय बोलू? डॉक्टरापुढं घरची लक्तरं काढू?"

"तिनं मना खोटी ठरवली. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी पंख्याकडं बघत व्हता."

बायजाबाईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तपासणीचं आलं ते असं, की कॅन्सर नाही, पण चट्ट्यातल्या पेशी बदलायला लागल्यात. विनिताबाई बोलल्या, "अजून वेळ गेलेली नाही. पण ह्या खेपेला खरंच सोडा. दर काही महिन्यांनी मला दाखवायचं. चट्टा मागं हटला नाही तर कापून काढू." बायजाबाईनं मान हलवली. राखुंडीचं तिनं सांगितलं नाही. हेमाली शेजारी उभी होती, तिलाही नाही. घरच्या बाईनं, घरच्या पुरुषानं काय केलं ते दवाखान्यात सांगायचं म्हणजे आपणच आपल्या घरावर थुंकायचं. त्यापेक्षा खोटारडी म्हणवून घेतलेलं परवडलं. तसं तिला परवडलं नव्हतं, पण घेतलं.

दुसऱ्या खेपेचं सोडणं वेगळं होतं. तेच डोकं, तेच पोट, तेच रिकामं बोट. पण पळी उडाली नाही, आवाज चढला नाही. ती गप्प होती. घरची माणसं तिच्या आरड्याओरड्याला भ्यायची त्याहून ह्या गप्पपणाला जास्त भ्याली. राखुंडीची डबी तिनं कुणाकडून घेतली नाही, मृणालीनं आणलेली पेस्टही नाही. काठावर करंजाचं झाड आहे, तिथवर चालत जायची, स्वतःच्या हातानं काडी मोडायची, तिथंच चावून दात घासायची आणि नदीच्या पाण्याला हात न लावता घरून नेलेल्या बाटलीनं चूळ भरायची. ती बाटलीही ती स्वतः भरायची. सुनेला याचं वाईट वाटलं.

"आई, माझ्यावर पण विश्वास नाही?"

"तू चांगली हायस, पोरी," बायजाबाई बोलली. "ती पन चांगली व्हती."

चालून आल्यावर आता डोकं हलकं होत नव्हतं. पाय दुखायचे, कंबर धरायची, आणि राग तसाच्या तसा घरी परत यायचा. तरी ती चालत राहिली. पुढं पुढं झोप बरी लागू लागली, बीपी खाली आला. त्यात कुणाची चिमूट नव्हती, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

मग आळीत कुमारच्या पोरीचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी नवरीपुढं पाट मांडला आणि नेहमीसारख्या दोन जागा ठेवल्या. बायजाबाई एका जागी बसली. सीताबाई आली आणि कुणी काही बोलायच्या आत शेजारी बसली. इतक्या दिवसांत दोघी बोलल्या नव्हत्या. बायजाबाईनं पहिली ओळ उचलली. सीताबाईनं ती पुढं न्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या श्वासाबरोबर तो वास बायजाबाईच्या नाकात गेला.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. गाल आतून ओढला गेला. हात कनवटीकडे गेला, जिथं डबी असायची.

ती गाता गाता थांबली. हळद थांबली. नवरीची आय घाबरून बघायला लागली.

"तोंड धुऊन ये," बायजाबाई बोलली. सीताबाईकडे न बघता, नवरीकडे बघत.

"काय?"

"मोरीवर जा. तोंड धुऊन ये, मंग बस. न्हाय जमत तं लांब बस. माझ्या अंगाला लागून बसू नको."

सीताबाईचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला. ती उठली. मोरीकडे गेली की घरी, ते बायजाबाईनं मान वळवून पाहिलं नाही. तिनं पुढची ओळ एकटीनंच उचलली. मधे दम तुटला, तिथं पूर्वी दुसरा आवाज यायचा. आता तिथं भोक पडलं. तिनं श्वास घेतला आणि त्या भोकाच्या पलीकडून ओळ पुन्हा धरली. हळद पार पडली. म्हाताऱ्या बायका बोलल्या, धवले झाले, पण रंग आला नाही. खरं होतं ते.

सीताबाई त्या दिवशी परत आली नाही. ती अजून मशेरी भाजते, अजून आळीला वाटते. फक्त तवा आता मागच्या चुलीवर न ठेवता पलीकडच्या पडवीत ठेवते. एवढं तिनं केलं. बायजाबाईच्या नाकाला ते पुरत नाही, पण तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही.

गेल्या खेपेला ती टेमघरला गेली तेव्हा हेमाली नव्हती, विठू होता. विनिताबाईंनी बत्ती धरली, गाल ओढला, बराच वेळ बघितलं. मग हसल्या.

"मावशी, चट्टा लहान झालाय. कडा मऊ पडल्यात. बघा, ह्या वेळी खरंच सोडलीत. आधीच खरं बोलला असतात तर इतके महिने वाया गेले नसते."

विठूनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

बायजाबाईच्या तोंडात शब्द आला होता. तिनं तो ह्या गालातून त्या गालात फिरवला, जशी एके काळी मशेरी फिरवायची, आणि गिळला.

"व्हय बाय," ती बोलली. "चुकलं माझं."

बाहेर आल्यावर विठूनं रिक्षाला हात केला. ती थांबली नाही.

"आगो, येवढ्या उन्हात चालत?"

"तुमी जावा रिक्षानं."

ती रस्त्याच्या कडेनं शेलारकडे चालायला लागली. टेम्पो, कंटेनर, कापडाच्या गाठींनी भरलेल्या गाड्या तिच्या अंगावरून धूळ उडवत जात होत्या. रिक्षावाला विठूकडे बघत उभा राहिला. विठूनं त्याला जा म्हणून खूण केली आणि तोही चालायला लागला, चार पावलांचं अंतर ठेवून. गावाच्या कमानीपर्यंत त्याला ती चार पावलं कमी करता आली नाहीत.